मोकळं इंजिन

गिरणी बंद होती आणि जयवंताचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पेनात शाई भरून झाली होती. तोंडात लवंग होती. मागच्या पडवीत पोतं अंथरून, भिंतीला पाठ टेकून ती केव्हाची बसली होती... आणि कागद कोरा तो कोराच. कुंपणापलीकडच्या भातगिरणीतून इंजिनाची पुक्-पुक् आली नाही, तर तिचा हात चालतच नसे. हसू नका! मॅट्रिक झाल्यापासून किती गोष्टी सुरू केल्या आणि अर्ध्यावर टाकल्या, ते तिचं तिलाच ठाऊक. उदबत्ती लावून पाहिली, पूर्वेला तोंड करून पाहिलं, पहाटे आंघोळ करून पाहिलं – सगळं चार दिवसांत बारगळलं. टिकलं ते एवढंच. लवंग, पोतं आणि इंजिन. इंजिन लागलं की हात लागायचा.

पुण्याच्या एका मासिकानं दिवाळी अंकासाठी नव्या लेखकांच्या गोष्टी मागवल्या होत्या. पाऊस लागायच्या आत पाठवायची होती. हीसुद्धा अर्धी राहिली, तर आपण लिहिणाऱ्यांतल्या नाहीच, पुन्हा पेन हातात धरायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. आणि दहिवलीच्या रानात उन्हाळा सरत आला होता.

शेवटी ती उठली आणि चपला न घालताच तरातरा गिरणीवर गेली.

दारात एक तरुण चिंधीनं हात पुसत उभा होता. गिरणीवाल्या मोरूशेठचा भाचा गजा. गिरणी सांभाळायला खालापूरहून कालच आलेला. कपाळावर काळ्या तेलाचा पट्टा, आणि डोळे असे, की भांडायला आलेल्या माणसाला शब्द आठवू नयेत.

"गिरणी का बंद हाय?" जयवंतानं तरी दरडावलंच.

"भात नाय म्हणून." त्यानं तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. "तुमी काय आणलंय भरडायला?"

"मी... काय नाय. सहज आले."

"सहज? एवढ्या उन्हात, अनवाणी?"

तापलेल्या मातीवर ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी होती. ती वळली आणि पळाली. मागून हसल्याचा आवाज आला. वाईट म्हणजे, तो आवाज तिला आवडला.

दुसऱ्या सकाळी ती टोपलीभर भात घेऊन हजर!

"एवढ्याशासाठी इंजिन लावू?"

"लावायचं का नाय लावायचं?"

"लावतो बाई, लावतो. डोळे नका काढू."

त्यानं हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, ठसकलं आणि पुक्-पुक् करत लागलं. तशी जयवंता टोपली तिथंच टाकून धूम पळाली. गजा बघतच राहिला. बायका गिरणीत आपल्या भातावरून नजर हलवत नाहीत. कणी कुणाची आणि कोंडा कुणाचा यावरून पदर खोचून भांडतात. आणि ही बया... भात टाकून पळते?

गिरणीला मागच्या बाजूनं एक झरोका होता. त्यातून त्यानं डोकावलं, तर समोरच्या पडवीत ती मान खाली घालून लिहीत बसलेली. त्यानं इंजिन बंद केलं. मान वर आली. लावलं. मान खाली गेली. त्यानं पुन्हा बंद केलं...

"काल मजा झाली," दुसऱ्या दिवशी टोपली घेताना तो म्हणाला. "माझ्या इंजिनाच्या पट्ट्यावर गिरणी फिरते, ते ठाऊक होतं. तुमची मानपण फिरते, ते नव्हतं ठाऊक."

"म्हणजे मुद्दाम बंद करत होतात?" ती लाल झाली. "माझं वाक्य तुटलं ना मधेच!"

"कुठलं वाक्य? सांगा की."

सांगायचं नव्हतं. पण कुणी आजवर विचारलंही नव्हतं.

"त्यात एक मुलगी हाय. तिला एकजण आवडतो, पण..."

"पण?"

"पण तो नुसता उभा हाय. पानं भरली, तरी उभाच. त्यानं काहीतरी करायला पायजे, त्याशिवाय गोष्ट पुढं जाईना."

"काय करायला पायजे?"

"ते मला कळलं असतं तर तुमच्याशी बोलत उभी राहिले असते का?"

गजा हसला नाही. इंजिनाकडं वळला आणि उगाचच त्याचं पितळ पुसत बसला.

मग रोजचं झालं. सकाळी टोपली, दोन शब्द, पुक्-पुक्, आणि तिचं लिहिणं. एखाद्या सकाळी गिरणीचं दार उघडायला उशीर झाला, तर ती अंगणात येरझारा घालायची. आपल्याला इंजिनाचा आवाज हवाय की दार उघडणारा, असा प्रश्न मनात आला की पटकन लवंग चावायची.

खायचं भात मात्र भराभर उतरत चाललं. "एवढं भात रोज भरडतेस कशाला गं?" आई सोनुबाई करवादायची. जयवंताच्या कानात मात्र गोष्टीतली माणसं बोलत असत. मोठ्या कणगीत हात खाली लागला, तशी तिनं कोपऱ्यातल्या छोट्या कणगीत टोपली घातली. भाताबरोबर कडुनिंबाचा वाळका पाला आला. तोही तिला दिसला नाही.

गजाला दिसला. त्यानं मूठभर भात उचललं, वास घेतला, तिच्याकडं पाहिलं... आणि हँडल फिरवलं.

रोहिणी लागली. रोपांसाठी भाजून ठेवलेल्या राबात, पावसाआधीच्या कोरड्या मातीत धूळपेर करायला बाप भिवाजी पहाटेच उठला. कणगीत हात घातला आणि ओरडला, "अगं, बियाणं कुठाय?"

चुलीपुढं बसलेल्या जयवंताच्या हातातली फुंकणी गळून पडली. कडुनिंबाचा पाला! बियाण्याला कीड लागू नये म्हणून तिनंच तर तो दिवाळीनंतर कालवला होता. शेतकऱ्याच्या पोरीनं घरचं बियाणं भरडून खाल्लं... एका गोष्टीपायी!

ती पुन्हा अनवाणी पळाली. गिरणी उघडी होती, गजा पोत्यावर बसला होता. तिचा श्वास मावत नव्हता.

"माझं भात... ते बियाणं होतं. सगळं भरडलं..."

तो उठला. बसला होता त्याच पोत्याचं तोंड त्यानं सोडलं. आत भात. वर कडुनिंबाचा पाला.

"एक दाणा भरडला नाय."

"पण तांदूळ? रोज नेत होते तो?"

"आमच्या घरचा. खालापूरचा. जेवताना कळलं नाय? गोड लागला असेल."

"आणि इंजिन? ते तर चालू होतं रोज!"

"मोकळंच चालवलं."

जयवंता पोत्यापाशी बसली. रडू येत होतं आणि हसूही. "मला सांगायचं ना! बियाणं हाय म्हणून पहिल्याच दिवशी सांगायचं!"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आली असतीस?" पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला. "आज आणूनच देणार होतो. तुला जसं इंजिन लागतं... तशी मला झरोक्यातून तुझी मान बघायची सवय लागली, जयू."

तिनं भराभर पोत्याचं तोंड बांधलं.

पोतं त्यानं स्वतः खांद्यावरून घरी पोचवलं. भिवाजीनं दाणे तळहातावर घेऊन पाहिले, पोरीकडं पाहिलं, मग गजाकडं. "ज्यानं आमचं बियाणं राखलं," तो बायकोला म्हणाला, "तो माणूस चहा घेतल्याबिगर जाता कामा नये." सोनुबाईनं साखर जरा जास्तच घातली.

पण गिरणीचा हंगाम संपला. इंजिनाला तेल चोळून, पोती गुंडाळून ठेवलं. दुपारच्या एसटीनं गजा पेरणीसाठी खालापूरला निघणार होता. आणि गोष्टीचा शेवट राहिलाच होता.

सकाळी जयवंता पडवीत बसली. लवंग होती, पोतं होतं. आवाज नव्हता. जीव नुसता कासावीस झाला. इतक्यात कुंपणापाशी सुरू झालं... डब-डब-डब-डब. गजा दगडावर बसून तेलाचा रिकामा डबा वाजवत होता, अगदी इंजिनाच्या ठेक्यात!

"खुळा झाला काय रं?" सोनुबाई आतून ओरडली.

जयवंतानं मान खाली घातली. गोष्टीतला तो नुसता उभा असलेला माणूस आता हलला. काय करायचं ते त्याला कळलं होतं.

थोड्या वेळानं गजाला खोडी सुचली. त्यानं डबा वाजवायचा थांबवला आणि तिची मान वर यायची वाट पाहिली. मान वर आली नाही. पेन चालूच होतं, ओळीमागून ओळ. गजाचं तोंड उतरलं. तो डबा खाली ठेवून बसून राहिला.

उन्हं पडवीत आली, तेव्हा तिनं पेनाला टोपण लावलं.

"झाली." ती म्हणाली. "शेवटापर्यंत झाली!"

"मी डबा मघाशीच थांबवला होता," तो म्हणाला. "तुला आता इंजिन नको."

"नको."

"मग मी जातो."

"जा. पेरणी करून ये." ती उठून कुंपणापाशी आली, आणि या वेळी तिनं मान खाली घातली नाही. "इंजिन नको म्हटलं मी. तू नको असं कुठं म्हटलं?"