दोन वाजता, कारेगाव फाट्यावर

बायकोला, सरदारबीला, वैद्यानं शेळीचं दूध सांगितलं होतं, म्हणून सिद्दीक रोज सकाळी कडीचा डबा घेऊन भिमाच्या घरी जात असे. कारेगावच्या ओढ्यापलीकडे भिमाचं दोन खोल्यांचं घर. आज्या-पणज्याच्या काळी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेलं घराणं. आता चार एकर, सहा शेळ्या आणि एक शहाणी मुलगी, एवढ्यावर ते सुखात होतं. धार काढता काढता भिमा पाण्यापावसाचं बोलायचा, सिद्दीक ‘व्हय, व्हय’ म्हणायचा, आणि डब्याला झाकण लावून परत फिरायचा.

२००७ सालच्या चैत्रात, एका शनिवारी, भिमा काहीच बोलला नाही. धार काढून झाल्यावर त्यानं बंडीच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.

“सिद्दीकभाई, तुम्ही कॉम्प्युटरवालं. जरा बघा हे. माझ्यानं पुरतं वाचवंना.”

कागदावर भिमाच्या सुषमाचा फोटो होता. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं : मी सुषमा. मला एकटं वाटतं. रोज दोन वाजता कारेगाव फाट्यावर थांबते. ज्याला यायचं त्यानं यावं. त्याच्याखाली पोरांनी खरडलेल्या ओळी होत्या. सिद्दीकनं चार वाचल्या आणि कागद मिटला.

त्या काळी तरुण पोरांत एक साइट फार चालायची. तिथं आपल्या नावानं पान उघडायचं, फोटो लावायचा आणि एकमेकांच्या पानावर काहीबाही लिहायचं. हे पान सुषमाच्या नावाचं होतं. सुषमाला मात्र कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता.

“कुठनं आला हा?”

“शिरूरच्या पाव्हण्यांच्या दारात कुणीतरी सरकवला. स्थळ मोडलं.” भिमा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. “पोरगी दोनला कंपनीच्या बसला फाट्यावर उभी ऱ्हायली की गाड्या थांबायच्या, भाई. अनोळखी माणसं नाव घिऊन हाका मारायची. तिनं नोकरी सोडली. वरवंडला मावशीकडं धाडलीया. तिथं आता दुसरं स्थळ आलंय, लाखात एक माणसं. शुक्रवारी सुपारी फुटायची हाय. त्यांच्या बी दारात असा कागद गेला तर... तर पोरगी ऱ्हायची न्हाई माझी.”

“शुक्रवारच्या आत हे पान बंद करतो,” सिद्दीक म्हणाला.

त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली होती, ती तो बोलला नाही. कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती. ती रेघ त्याच्याच प्रिंटरची होती.

सिद्दीकचं दुकान फाट्यासमोरच्या गाळ्यात होतं. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर. चाळिशी उलटल्यावर पुस्तक समोर ठेवून तो एकेक गोष्ट शिकला होता. रांजणगावच्या कंपन्यांत कंत्राटावर लागणारी मुलंमुली त्याच्याकडं गेटपासचे अर्ज भरायला यायची. तो प्रत्येकाचा फोटो स्कॅन करायचा आणि पूर्ण नाव, गाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर असं सगळं एका जागी नीट लावून ठेवायचा, म्हणजे पुढच्या खेपेला त्या माणसाला त्रास नको. या व्यवस्थितपणाचं त्याला मनातून कौतुक होतं. ते सगळं चारही कॉम्प्युटरवर उघडं असायचं. आपल्याच गावच्या माणसांच्या फोटोंना कुलूप कशाला, असं त्याला वाटायचं.

कोण कुठल्या नंबरच्या कॉम्प्युटरवर किती वाजता बसला, याचं रजिस्टर तो मनापासून लिहायचा. कागदावर पान उघडल्याची तारीख आणि वेळ होती, बारा फेब्रुवारी, संध्याकाळी सात. त्या संध्याकाळी तीन नंबरवर पप्पू बसला होता. सुषमाच्याच कंपनीत, पॅकिंगला असलेला पोरगा.

त्यानं पप्पूला बोलावून कागद पुढं ठेवला. पप्पू आधी हसला, मग सिद्दीकचा चेहरा बघून थांबला.

“मस्करी व्हती, चाचा. भरल्या बसमधी ती मला ‘तोंड सांभाळ’ म्हणली. सगळी हसली. म्हणलं, चार दिस गंमत करू आन् काढून टाकू. पर पोरं लिहायलाच लागली... रोज पन्नास-पन्नास. मग मजा वाटाय लागली.”

“आन् शिरूरला कागद?”

“छापला म्या. नेला कुणी, ते म्हाईत न्हाई. आईशप्पथ.”

“तुला मजा वाटली. तिला काय वाटत व्हतं, ते फाट्यावर जाऊन बघितलंस का कवा?”

पप्पूनं खुर्ची ओढली. तीन नंबरवर बसून, सिद्दीकच्या देखत त्यानं पान बंद केलं. सिद्दीकनं रजिस्टरात तारीख आणि वेळ लिहिली, खाली रेघ मारली. त्या दिवशी तो समाधानानं जेवला.

रविवारी पान परत होतं.

फोटो तोच, मजकूर तोच. पण प्रत्येक पोराच्या ओळीखाली आता एकेक उत्तर आलं होतं, आणि ते देवनागरीत होतं. सिद्दीकच्या कॉम्प्युटरवर देवनागरी कधी उमटतच नसे, नुसते रिकामे चौकोन दिसायचे. ही अक्षरं मात्र गोल, काळीभोर, पाटीवर गिरवल्यासारखी होती. ज्यानं जेवढं घाण लिहिलं होतं, त्याला तेवढंच शांत उत्तर होतं.

तुमचं वाचलं. उद्या दोनला फाट्यावर थांबते. या.

“पप्प्या, तू लिहितोयस?”

“चाचा, मला एक-एक अक्षर हुडकून टाइप करावं लागतं. त्यात मराठी कुठनं येणार?” पप्पूनं तीनदा पासवर्ड घातला. तिन्ही वेळा तो चुकीचा निघाला.

त्या उन्हाळ्यात रोज दुपारी दोनला वीज जायची, ती पाचला यायची. पंखे थांबायचे आणि गाळ्यात अशी शांतता पडायची की रस्त्यापलीकडच्या कडुनिंबावरचा होला पक्षी घुमताना ऐकू यावा. वीज गेली की चारही पडदे एकदम काळे पडायचे. सोमवारी तीन नंबरचा पडदा बाकीच्यांच्या मागाहून काळा पडला. दोन श्वास मागाहून. सिद्दीकनं ते पाहिलं, आणि जुन्या मशिनी अशाच, असं स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात फाट्यावर ज्ञानू आला. सगळ्यांत घाण त्यानं लिहिलं होतं. मोटारसायकल लावून, केसांवर कंगवा फिरवून, तो हसत इकडंतिकडं बघू लागला. उन्हात रस्ता पांढरा पडला होता. मग ज्ञानूचं हसू थांबलं. हळू बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना करतो तशी त्यानं मान कलती केली. त्याच्यासमोर कुणी नव्हतं. त्यानं दोनदा होकारार्थी मान हलवली आणि तिथंच, रस्त्याकडं तोंड करून, उभा राहिला.

मंगळवारी तो चालत आला. बरोबर आणखी तिघं होते. बुधवारी सात झाले. वयात आलेली, शिट्ट्या मारणारी, एकमेकांना शिव्या देणारी पोरं. पण एका ओळीत, हात खाली सोडून, गप्प उभी. पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखी तोंडं. ओळीच्या मधोमध एका माणसाएवढी जागा सुटलेली होती, आणि ती कुणी भरत नव्हतं. ट्रक गेला की धुरळा त्या पोरांच्या अंगावर बसायचा. मधल्या जागेला मात्र तो वळसा घालून जायचा.

सिद्दीक रस्ता ओलांडून गेला.

“का रं ज्ञानू, कुणाची वाट बघतोस?”

“थांबलोय, चाचा.”

“कुणासाठी?”

“असंच...” ज्ञानू गोड हसला. सिद्दीकनं त्याला जन्मात तसं हसताना पाहिलं नव्हतं. “लई बरं वाटतंय.”

बुधवारी संध्याकाळी पप्पू आला. त्याच्या ओठांना कोरड पडली होती.

“चाचा, मला बी आलंय.”

पडद्यावर तीच गोल अक्षरं होती.

तू मला थांबायला लिहिलंस. मी थांबलेय. तू कधी येतोस?

सिद्दीकनं ती ओळ पुन्हा वाचली.

“म्या गेलो न्हाई तर हे पान बंद हुणार न्हाई, व्हय ना?” पप्पूचा आवाज अगदी बारीक झाला होता. “परवा शुक्रवार हाय... जाऊ का, चाचा?”

सिद्दीकला शेळीच्या पाठीवरून फिरणारा भिमाचा हात दिसला. त्यानं ‘जा’ म्हटलं नाही. ‘नको’ही म्हटलं नाही.

गुरुवारी दोनला तो पप्पूबरोबर फाट्यापर्यंत गेला. पोरांची ओळ उभीच होती. ओळ दहा पावलांवर आली आणि सिद्दीकच्या नाकात एक वास शिरला. दिवसभर चाललेल्या कॉम्प्युटरमागं येतो तसा, तापलेल्या धुळीचा आणि प्लॅस्टिकचा. चारी बाजूंनी मोकळं रान, आणि तो वास इतका दाट, जणू कुणी तोंडाजवळ येऊन उच्छ्वास सोडतंय.

पप्पू मधल्या मोकळ्या जागेपुढं थांबला.

“सुषमाताई...” तो म्हणाला. मग ऐकत राहिला. “न्हाई... तू ती न्हाईस. तू...”

होला ओरडायचा थांबला होता.

“व्हय,” पप्पू कुजबुजला. “म्याच... म्याच तयार केलं तुला...”

त्याचे आवळलेले खांदे हळूहळू खाली आले. चेहऱ्यावरची भीती ओल्या पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसली गेली. तो वळला आणि ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

“पप्पू, चल घरी.”

“तुम्ही व्हा म्होरं, चाचा.” तेच गोड हसू. “मी हाय हितंच.”

सिद्दीक गाळ्यात आला. वीज गेलेलीच होती. तीन कॉम्प्युटर काळे होते आणि तीन नंबरवर उजेड होता. पडद्यावर एकच ओळ होती : या नावाचं पान नाही. त्यानं ती वाचून संपवली तसा पडदा विझला. तो खुर्चीत बसला. खरं सांगायचं तर त्याला त्या वेळी भीती वाटली नाही, हायसं वाटलं. पप्पूचा विचार त्याच्या मनात नंतर आला.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर त्यानं एम-एटी गाडी काढली आणि न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला करत वरवंड गाठलं. सुपारी नुकतीच फुटली होती. मांडवात हलगी वाजत होती. भिमानं पुढं होऊन त्याला मिठीच मारली. सुषमा नव्या साडीत होती, गालांवर तजेला होता. सिद्दीकनं तिला बाजूला बोलावलं.

“पोरी, फोटो माझ्याकडनं गेला. मी उघडा ठेवला व्हता. माफ कर मला.”

सुषमानं शेजारच्या ताटातला एक पेढा उचलला.

“चाचा, आता दोन वाजलं तरी घड्याळाकडं बघत न्हाई मी. चार दिस झालं. एवढं पुरं हाय.” मग तिनं त्याच्या हातावर पेढा ठेवला. “आता कुलूप घाला मातुर. न्हाईतर तुमचाच फोटो लावील कुणी, आन् चाची घराबाहेर काढतील.”

दोघंही हसले. सिद्दीकच्या छातीवरचं ओझं उतरलं. पेढा गोड लागला.

नवऱ्यामुलाची आई, रतनबाई, ताट घेऊन आली. मोकळ्या स्वभावाची बाई. ताट ठेवून तिथंच टेकली.

“कारेगावचं सिद्दीकभाई म्हंजी तुम्हीच का? आवं, तसला कागद आमच्या बी दारात आला व्हता.”

सिद्दीकचा घास हातातच राहिला.

“बुधवारी. आमचा संपत तर गप्पच झाला. मोडायच्याच बेतात व्हतो आम्ही. तेवढ्यात दोनच्या उन्हात एक पोरगी आली. वट्ट्यावर बसली. म्हणली, ‘कागदावरची ती मी हाय. सुषमा न्हवं. तिला नावं ठिवू नगा.’ इतकंच. आपल्या तोंडानं असं कोण कबूल करतंय, भाई? तवाच आमचं नक्की झालं.”

बुधवारी दोन वाजता सिद्दीकनं फाट्यावरची सात पोरं मोजली होती. सात, आणि मधली ती जागा.

“दिसायला... कशी व्हती?”

रतनबाईनं डोळे बारीक केले. “समोर व्हती तवर वाटलं, आपल्या सुषमासारखीच. गेली आन् आठवाय बसले, तर तोंडच आठवंना. पाणी दिलं, ते बी प्याली न्हाई. म्या इचारलं, बाई, ऱ्हातीस कुठं? तर म्हणली, कारेगावला, सिद्दीकचाचांच्या घरी.” ती कौतुकानं हसली. “गुणाची पोर. तुमची कोण लागती वो?”

हलगी जोरात वाजू लागली होती. सिद्दीकनं पाण्याचा घोट घेतला.

“घरचीच हाय,” तो म्हणाला.

तो कारेगावला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. फाट्यावर पोरांची ओळ अजून उभी होती, टोकाला पप्पू. सरदारबी दारातल्या पिवळ्या उजेडात गोधडी शिवत बसली होती. तिला जवळचं दिसत नसे. सकाळी सिद्दीक दोन सुया ओवून द्यायचा, त्यावर तिचा दिवस निघायचा. आज तिच्या पुढ्यातल्या चिंधीवर नऊ सुया ओळीनं टोचून ठेवल्या होत्या, प्रत्येकीत सारख्या लांबीचा दोरा. ती काहीतरी गुणगुणत होती. बऱ्याच वर्षांत सिद्दीकनं तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

“एवढ्या सुया कुणी ओवून दिल्या?” त्यानं विचारलं.

सरदारबीनं ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडं मान वळवली.

“हळू बोला,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

सिद्दीक थोडा वेळ उंबऱ्यापाशी उभा राहिला. मग त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि पावलांचा आवाज न करता तो आत गेला.