चौपट दाखवणारी जुनी दुर्बीण

रोसविथानं आपल्या वडिलांची रायफल माझ्या बंदुकांच्या दुकानातल्या टेबलावर ठेवली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. नळीच्या टोकापर्यंत अक्रोडाचं लाकूड, लोण्यातून फिरावा तसा काडतूस भरायचा बोल्ट. एन्स नदीच्या खोऱ्यात अशा चारेकच उरल्या असतील.

"आलोईस, हिला दुर्बीण बसव. नेम धरायचा नळीवरचा तो बारका दाणा आता मला दिसतच नाही."

"चष्मा लाव की, म्हातारे."

"तू आधी डोक्यावर केस लाव."

नवी, जाड भिंगाची दुर्बीण मी आधीच बाजूला सारली. ती इतकी उंच बसते की गाल लाकडाला टेकत नाही. शिवाय पोलादात नवी भोकं पाडावी लागली असती, आणि अशा रायफलला ते मी करत नाही. दुसरीला बोल्टचा दांडा अडला. तिसरी एका वारलेल्या शिकाऱ्याच्या सामानातून आलेली, बारीक पोलादी, चौपट दाखवणारी. तिचे पाय रायफलच्या जुन्या खाचांत खट्‌कन बसले.

मी चपापलो. असे पाय त्या त्या रायफलसाठी दोन दोन दिवस कानशीनं घासून जुळवावे लागतात.

बोल्ट काढून ठेवला आणि रायफल रोसविथाच्या हातात दिली. तिनं खिडकीतून समोरच्या ग्रिमिंग डोंगराच्या उतारावर रोखली.

"अरे, हार्टविग!"

हार्टविग तिचा नवरा. पहाटेच हरणांना गवत घालायला गेला होता.

"खाली बसलाय. पाय धरून. टोपी नाही डोक्यावर."

मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बर्फ आणि देवदार. नव्या दुर्बिणीतून पाहिलं. बर्फ आणि देवदार.

मग तिच्या हातातली रायफल घेतली.

हार्टविग होता. ओठ निळे. मागे गवताची लाकडी गव्हाण.

ती गव्हाण मीच ठोकली होती. कड्याच्या पलीकडच्या घळीत. माझ्या दुकानातून ती घळ दिसत नाही.

"आलोईस, कर ना काहीतरी!"

मी फोन उचलला. बचाव पथकाला घळीचं नाव सांगितलं. "कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं. "मी," एवढंच म्हणालो.

दीड तासानं पथकाचा फोन आला. घोट्याजवळ हाड मोडलंय, गारठलाय, पण शुद्धीवर आहे. रोसविथा माझ्या स्टुलावर बसून हुंदके देत हसली. मीही हसलो. कपाटातली नाशपातीची दारू काढली. दोघांनी एकेक पेला घेतला आणि ती दुर्बीण रायफलवरून उतरवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी इस्पितळात गेलो. हार्टविग सूप पीत होता, नर्सला चिडवत होता. मला पाहून त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"तुझ्यामुळे वाचलो रे."

"बायकोमुळे."

"आणि त्या माणसामुळे. सकाळभर माझ्याशेजारी बसला होता, मला झोपूच देईना. पथक आलं तसा उठला."

पथकातल्या चौघांशी मी आदल्या संध्याकाळी बोललो होतो. हार्टविगखेरीज तिथं कुणी नव्हतं. बर्फात पावलंही त्याचीच.

"कुठं गेला तो?" मी विचारलं.

"तुझ्याकडेच. स्वतःची दुर्बीण न्यायचीय म्हणाला. दुकानाचा रस्ता विचारत होता, मी नीट समजावून सांगितला," हार्टविग म्हणाला. "पोचला ना?"