गोपालचे हात

दाराला कुलूप बाहेरून लावलं होतं. आग आतून लागली असेल, कुणाच्या चुकीने लागली असेल, पण कुलूप बाहेरूनच लावलं होतं. ज्याने ते लावलं तो आजही रात्री पोटभर जेवतो, बडीशेप चघळतो आणि झोपतो. ज्यांनी ते पाहिलं तेही झोपतात. कशी झोप लागते, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गोष्ट सुरू होते ती मात्र एका सहलीपासून.

एप्रिलमधला शनिवार. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या चौकात सकाळीच एक पांढरी लक्झरी बस येऊन उभी राहिली. जवळच्या कडोदऱ्यातल्या एका लूमखात्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या, शेठने आपल्या कामगारांसाठी ती केली होती. दोन दिवस ईडर, राहणं-खाणं फुकट, तिथे गाईडसुद्धा. ईडरचे ते घराएवढाले दगड, कुणीतरी एकावर एक रचून विसरून गेल्यासारखे, सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले होते. बायकांनी ठेपले आणि ठेचा बांधून घेतला होता. सुपरवायझर प्रवीणभाई बसच्या दारात उभा राहून चढणाऱ्या प्रत्येकाला लाल टोपी देत होता.

योगिता समोर आली तेव्हा त्याचा टोपीचा हात थांबला.

"योगिताबेन, तुम्ही? मी तर मावशींना बोलावलं होतं."

"आई म्हणाली, शेठच्या गाडीत ती पाय ठेवणार नाही. मी ठेवते."

त्याने हसून टोपी दिली. तिने ती घातली नाही.

शिमग्याच्या आधी त्याच शेठच्या खात्याला आग लागली होती. मेला तो एकटा कुंदन, योगिताचा मोठा भाऊ. पेपरात तसंच आलं, कागदोपत्री तसंच लिहिलं गेलं. वर हेही लिहिलं, की सुताच्या ढिगाजवळ बिडी पेटवली ती कुंदननेच. बिडीच्या वासाने ज्याला उबळ यायची, त्या कुंदनने! आई तेव्हापासून दाराबाहेर फारशी पडत नव्हती. पोरगा गेला, आणि जाताना चोरासारखा गेला, असं गल्ली बोलत होती.

त्या वेळी कुंदनचा लूमवरचा जोडीदार गोपाल चहा सांगायला बाहेर गेला होता, म्हणून वाचला. दार त्याने पाहिलं होतं. सोमवारी लेबर कोर्टात त्याची साक्ष होती. तो सांगणार होता, की दार उघडं होतं आणि कुंदन मोबाईल घ्यायला परत आत शिरला. हे वाक्य त्याने आधीच इतक्यांना ऐकवलं होतं, की ते घासून गुळगुळीत झालं होतं. योगिता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. खोटं वाक्य कसं ओळखायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती ओळखत होती. तिला पाहिलं की गोपाल रस्ता बदलायचा. पण बसमधून कुठे पळेल? एवढ्यासाठीच ती आली होती. सोमवारच्या आत त्याच्या तोंडून खरं काढायचं.

शनिवारभर गोपालने तिच्याकडे पाहिलं नाही. ईडरच्या धर्मशाळेत जेवताना ती समोर जाऊन बसली, तर ताट उचलून उठला.

"तू कसाले उनी व?" एवढंच पुटपुटला. "कशाला आलीस…"

रविवारी सकाळी ते दगडांपाशी गेले.

ऊन तेव्हाच चटके देत होतं. पायऱ्या चढून वर गेल्यावर वारा पडला. खाली गावातल्या गाड्यांचा आवाज येत होता, तोही एका वळणावर बंद झाला. लूमवाल्या माणसांना शांतता सोसत नाही. चोवीस तास खडखडाट ऐकलेले त्यांचे कान शांततेत घूंऽऽ करत राहतात. त्यामुळे सगळे उगाच मोठमोठ्याने बोलत होते.

गाईड छगनभाई वाळक्या अंगाचा, तोंडात मावा. हातात त्याच्या लहानसा गोल आरसा. उन्हाचा कवडसा पाडून तो दगडांवरचे आकार दाखवायचा.

"जुओ, जुओ! ये हाथी. ये सूंड. सबको दिखा? जिसको नहीं दिखा उसको बीवी आज रोटी नहीं देगी!"

"आमच्या ड्रायव्हर सुक्याला कुठे आहे बायको?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

कवडसा हत्तीवरून उंटाकडे, उंटावरून कासवाकडे सरकत होता. योगिता गोपालच्या मागे दोन हातांवर उभी होती. तेवढ्यात तिला वास आला. जळक्या पॉलिएस्टरचा. गोडसर, घशाच्या तळाशी चिकटून बसणारा. कडोदऱ्याच्या त्या जळालेल्या शेडसमोर तिने तो पोटात भरून घेतला होता, अजून उतरला नव्हता. तिने आजूबाजूला पाहिलं. गवत कोरडं होतं, पण कुठेच काही जळत नव्हतं.

दरीच्या पलीकडे, सगळ्यांत वरच्या दगडावर, एक माणूस उभा होता.

बनियन, दुमडलेली पँट. तोंड उन्हाच्या उलट बाजूला, म्हणून काळं दिसत होतं. चढला असेल कुणीतरी हौशी, तिला वाटलं. मग त्या माणसाने हात वर केला आणि अंगठा तोंडाकडे नेला.

लूम चालू असलं की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून खात्यातली माणसं हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा. बोट फिरवलं की धागा तुटला. कानाची पाळी ओढली की शेठ. कुंदन घरी जेवतानाही असाच बोलायचा. आईची बोलणी चालू असली की ताटावरून हळूच पाळी ओढायचा, आणि योगिता घास अडकेपर्यंत हसायची. ही भाषा तिला येत होती, तशी बसमधल्या सगळ्यांनाच येत होती.

गोपालचा उजवा हात वर आला. आपणहून. त्याने उत्तर दिलं: आणतो, थांब.

"दिखा, भाई? कछुआ?" छगनभाईने विचारलं.

"हो हो, दिसलं कासव," गोपाल म्हणाला. त्याचं तोंड कासवाकडे होतं. हात मात्र दुसऱ्याशीच बोलत होते.

दगडावरच्या माणसाने दोन्ही तळवे एकमेकांवर दाबले आणि उघडले. दार. पुन्हा दाबले. या वेळी उघडले नाहीत. मग तसेच जोडलेले तळवे तो हलवत राहिला, हलवत राहिला, आतून कुणी धक्के मारावेत तसा.

गोपालचे हात उत्तर देत होते. तळवे बंद. मनगटाची फिरकी, चावीची. मग बोट शरीरापासून लांब: बाहेरून. मग कानाची पाळी.

कुलूप बाहेरून. चावी शेठकडे.

योगिताने शेजारच्या दगडाला हात टेकला. एवढ्या उन्हातही दगड गार होता. तिने इतरांकडे पाहिलं. दरीकडे कुणीच पाहत नव्हतं. एकेक जण पाठ फिरवून उभा राहिला होता. सगळे त्या कासवाकडे टक लावून बघत होते, कारण नसताना हसत होते, आणि त्यांच्या माना घामाने निथळत होत्या. तेव्हा तिला कळलं. सगळ्यांना दिसलंय.

छगनभाईचा कवडसा सरकत त्या वरच्या दगडावर गेला. "और वो देखो, राजा की पगड़ी!" प्रकाश दगडावर पडला. तिथे फक्त दगड होता.

"चला चला, फोटो!" प्रवीणभाईने टाळ्या वाजवल्या. "शेठने फोटो मागवलाय. हसा जरा. हात वर करा!"

बॅनर धरून सगळे उभे राहिले. हात कुणीच वर केला नाही. कुणी ते पाठीमागे बांधले, कुणी काखेत दाबले, बायकांनी पदराखाली घेतले. तो फोटो योगिताच्या मोबाईलवर अजून आहे. लाल टोप्या आहेत, दातही आहेत, हात मात्र एकाचाही दिसत नाही.

दुपारच्या आत बस परतीला लागली.

ती गोपालच्या शेजारी जाऊन बसली. त्याने उठायचा प्रयत्न केला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो खिडकीबाहेर बघत होता.

"गोपालभाऊ, तुम्ही वर जे बोललात ते मी पाहिलं."

"मी कुठे बोललो? कासव दिसलं म्हणालो."

"हातांनी."

"दार उघडं होतं," गोपाल म्हणाला. "तो मोबाईल घ्यायला आत गेला."

"मग हात बाहेर काढा. आणि हेच परत सांगा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. "पाया पडतो तुझ्या, बहीण. घरभाडं आहे, पोरगी शाळेत आहे. मी काय एकटा होतो का तिथे?"

"कुंदन एकटा होता ना आत!" तिचा आवाज चढला. "त्याच्या नावावर बिडी लावलीत तुम्ही. माझी आई मान वर करून चालत नाही. लाज नाही वाटत?"

प्रवीणभाई पुढच्या सीटवरून वळला. "बेन, सहलीत रडारड नको. ए सुकलाल, गाणी लाव रे. आवाज वाढव."

ड्रायव्हर सुकलालने गाणी लावली. भरूचजवळ नर्मदेचा पूल आला तेव्हा उन्हं उतरली होती. पुलावरून कुणी नाणं टाकलं नाही, कुणी 'नर्मदे हर' म्हटलं नाही. बसमध्ये तो वास पुन्हा आला होता. आधी मागच्या सीटवरच्या बायका नाकाला पदर लावून पुढे आल्या, मग पुरुष. दोघांच्या जागेत तिघं-चौघं दाटीवाटीने बसले. मागचा अर्धा भाग रिकामा झाला. तिथले पडदे सगळे लावलेले होते, तरी कधीमधी हलायचे. एसी आहे, योगिताने स्वतःला सांगितलं. एसीच आहे.

अंधार पडू लागला. बसमधला निळा दिवा लागला आणि तिला मांड्यांवरचे हात दिसले. झोपलेल्यांचेही. तळवे एकमेकांवर दाबलेले, हलणारे, न उघडणारे. गाण्याच्या दणक्यात सगळी बस तेच एक बोलत होती.

कडोदऱ्याचा उड्डाणपूल दिसला आणि गोपालचे हात मांड्यांखालून सुटले. त्याने एका हाताने दुसरा धरला, दातांत मनगट पकडलं, तरी ते थांबेनात. तो सीटवर उलटा वळला, मागच्या अंधाराकडे तोंड करून. हात भराभर चालले होते. बाहेरून. चावी. शेठ. बाहेरून. जाळीतून दिसत होतं. बाहेरून.

"बस ना भो…" तो रडत म्हणाला. "बस… किती येळा सांगू…"

"तोंडाने सांगा," योगिता म्हणाली. तिचा मोबाईल समोर होता, रेकॉर्डिंग चालू होतं. "एकदाच. तोंडाने."

"कुलूप व्हतं!" गोपाल ओरडला. गाण्याच्या वरून ओरडला. "भायेरून व्हतं! चोरी व्हते म्हनीसन रोज लावायचे, मी चहाले भायेर पडलो तवाबी मागून लावलं. चावी शेठच्या गाडीत. मी शेठले फोन लावला, तो म्हणाला, आधी पोलीस येऊ दे… बिडी कुनी नही पेटवली! वायर जळनी!"

प्रवीणभाई उठला होता. कुणीतरी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. मग दुसरा एक म्हातारा बोलला, "व्हतं कुलूप. मीबी पाह्यलं." मग एक बाई. मग आणखी कुणी. गाणं बंद झालं होतं. कुणी केलं, कळलं नाही.

"उद्या कोर्टात हेच बोलाल?"

"बोलीन." गोपालचे हात मांडीवर पडले होते, मेल्यासारखे. "पण त्यायले सांग, आता थांबा म्हना."

ती मागे वळली. रिकाम्या सीटा, हलणारे पडदे. तिला काहीच दिसलं नाही. "झालं रे दादा," ती अंधाराला म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा रडली.

पांडेसऱ्याला बस थांबली. सगळे घाईघाईने उतरले. योगिता सर्वांत शेवटी निघाली. मोबाईल छातीशी धरला होता. आईला काय सांगायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, हेच तिच्या डोक्यात चाललं होतं. दाराशी सुकलालने तिला हाक मारली. स्टिअरिंगवरचे हात त्याने काढले नव्हते, नजरही डोक्यावरच्या लांब आरशावरून हलवली नव्हती.

"ताई, गाडी धरायच्या आधी मीपण लूमवरच होतो, मला कळतं हातांचं. गोपाल तुम्हाला नव्हता सांगत, मागच्या सीटांवरून जे विचारत होते त्या सगळ्यांना उत्तरं देत होता," तो हळूच म्हणाला. "त्या आगीत तुमचा भाऊ एकटाच गेला… असंच सांगितलंय ना तुम्हाला?"