मुठीतली थरथर

"बंदूक कपाटात, छर्रे डब्यात, तरी रोज कुणीतरी चाप ओढतंय!" इंजिनिअर म्हणाला.

एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या खेळातल्या बंदुकांसाठी तो इलेक्ट्रॉनिक चाप बनवायचा. प्रत्येक दाब चिपमध्ये नोंदला जाई. महिनाभर रोज दुपारी दीडला सात-आठ दाब पडत होते. उद्या गिऱ्हाईक नमुना पाहायला येणार होतं. चापाची रचना बाहेर फुटली असेल, तर दोन वर्षांच्या कष्टांवर पाणी.

छडा लावायला त्यानं बोलावलेल्या मास्तरांनी छर्ऱ्यांचा डबा पाहिला. सील शाबूत.

"प्रोग्रॅम चोरायचा तर?"

"केबल लागते. ती माझ्या खिशातून हलत नाही."

मास्तरांच्या मेहुण्यानं चाप ओढला. बहीण, म्हणजे मास्तरांची बायको, वारल्यावरही तो त्यांच्याकडेच राहिला होता. घरात दोघं, बोलणं चार शब्दांचं. बंदुकीची मूठ त्याच्या हातात आवाज न करता थरथरली. दोनदा हलकेच, एकदा लांब.

"छर्रे नसले की असं होतं," इंजिनिअर म्हणाला. "आधी एकदाच थरथरायची. हा ठेका माझ्या भागीदारानं मरायच्या आधीच्या आठवड्यात घातला. मलाही परवाच कळलं. कुणाला बोललो नाही. उद्या काढून टाकणार."

कारखान्यात इंजिनिअरशिवाय माणसं दोनच, आणि कपाटाची किल्ली दोघांकडेही. कारागीर तारांचं डागकाम करत होता.

"थरथर काढणार म्हणे," मास्तर म्हणाले.

"काढू देत. एकदा थरथरते, तिचा उपयोग काय?"

"दुसरीकडे नोकरी बघताय?"

"बघतोय. गुन्हा आहे?"

"भावजी, हाच तो!" मेहुणा कुजबुजला.

भागीदाराची बायको खोकी भरत होती. सगळे तिला वहिनी म्हणत. तिचा डबा उघडाच होता, भाताला हात लागलेला नव्हता.

"थरथर काढणार म्हणे," मास्तर तिलाही म्हणाले.

"मी बंदुकीला हातसुद्धा लावत नाही." मग तिचा हात थांबला. "पण दोन छोटे नि एक लांब, त्यानं कुणाचं काय बिघडतं?"

मास्तरांनी सगळ्यांना बोलावलं.

"चोर केबल शोधतो, निदान छर्रा मारून बघतो. इथं कुणी नुसताच चाप ओढतंय. म्हणजे त्याला हवी आहे ती थरथर. कारागीर अजूनही 'एकदा थरथरते' म्हणतो. त्याला जुनीच ठाऊक. नवा ठेका ऐकू येत नाही, हातातच कळतो. वहिनी, तुम्हाला तो कसा कळला?"

वहिनी खाली बसली.

"कामाला निघताना ते माझा तळहात तसाच दाबायचे. महिन्यापूर्वी कपाट आवरताना चाप दाबला गेला, आणि तोच दाब हातात आला."

मेहुण्यानं मान खाली घातली. मास्तर खिडकीकडे वळून उभे राहिले.

"मला सांगायचं तरी," इंजिनिअर म्हणाला.

"काय सांगणार होते, भावजी?" वहिनीनं त्याला विचारलं.

इंजिनिअरनं बंदूक तिच्यापुढे ठेवली. "ही घरी न्या. उद्यासाठी मी दुसरी जोडतो. म्हणाल तर सगळ्याच बंदुकांत तो ठेका राहू देतो. त्याची आठवण."

तिनं बंदूक पदरात घेतली.

"नको. बाकीच्यांतला काढून टाका," ती म्हणाली. "तो माझा होता."