सहा मिलिमीटरचा खडा

"तुमचा किती मिलिमीटरचा?"

बाबांनी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला विचारलं, आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाबा निवृत्त ड्रिल मास्तर. आवाज अजून मैदानातलाच. स्वतः मुतखडा फोडणाऱ्या ध्वनिलहरींचे झटके घ्यायला आलेले, म्हणजे मूत्रविकारांच्या त्या दवाखान्यात बसलेले बाकीचेही त्याचसाठी आले असणार, असं त्यांनी गृहीतच धरलेलं.

तो माणूस गडबडला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"स... सहा," तो म्हणाला.

"माझा नऊ," बाबांनी ऐटीत सांगितलं आणि तिथल्या तिथे त्याला आपला 'खडाबंधू' करून टाकलं.

तिला हसू आवरेना. त्याने चोरून तिच्याकडे पाहिलं — आणि मग त्यालाही आवरेना.

तो तरणतलावावर पोहायला शिकवायचा. चाळिशीला टेकलेला, रुंद खांद्यांचा, अंगाला क्लोरीनचा मंद वास... आणि बोलणं मात्र इतकं हळू, की ऐकायला जरा जवळ सरकावं लागायचं. तिला ते सरकणं आवडायला लागलं. तिचं पडद्यांचं दुकान होतं. बाबांच्या खेपांना ती दुकान बंद करून यायची, आणि त्याचीही नेमकी तीच वेळ असायची. बाबा आत गेले की दोघं खिडकीपाशी उभं राहून मशीनचा पाणचट चहा प्यायची. आपल्याला पाण्याची भीती वाटते, असं ती एकदा बोलून गेली. मग काय, पुढच्याच आठवड्यात मोठ्यांच्या वर्गात तिचं नाव दाखल!

तो तिला तरंगायला शिकवायचा. पाठीखाली त्याचा तळहात असायचा, अगदी हलका. एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, तो हात केव्हाच निघालाय आणि ती एकटीच तरंगतेय... आनंदाच्या भरात तिने त्याचा हात धरला, आणि सोडला नाही. त्यानेही क्षणभर राहू दिला. मग हलकेच काढून घेतला.

"आपण मित्रच बरे," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

ती वर्गाला जायची थांबली. दुकानात पडदे उलटे शिवले जायला लागले.

बाबांचा खडा पडून गेला. शेवटच्या तपासणीला ते एकटेच जाऊन आले आणि जेवताना म्हणाले, की खडाबंधू अजून तिथे येतोय. सहाचा खडा आणि इतके दिवस फुटत नाही, हे काही त्यांना बरं लक्षण वाटत नव्हतं. हे ऐकून तिचा राग, रुसवा कुठल्या कुठे गेला. त्याने मागे आपल्या खोलीसाठी सांगितलेले पडदे तयार असल्याचा निरोप तिने धाडला.

तो दुपारी आला. तिने पडदे दाखवलेच नाहीत.

"तुम्हाला काय झालंय? मोठं काही आहे का? खरं सांगा."

तो काउंटरवरच्या एका कापडाची किनार चाचपत राहिला. मग म्हणाला, की खडा नाहीच, कधी नव्हताही. तरुणपणापासून साखरेचा आजार आहे, त्याने रक्तवाहिन्या बिघडल्या, आणि आता ताठरता येत नाही. पहिलं लग्न त्यातच संपलं, भांडण न होता, गुपचूप. त्या दवाखान्यात या त्रासावरही लहरी देतात. शॉकवेव्ह थेरपी. बाबांना दिल्या त्याहून पुष्कळ सौम्य, रक्तपुरवठा सुधारावा म्हणून. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. डॉक्टरांनी कसलीच हमी दिलेली नव्हती.

"बरा झालो असतो, तर बोललो असतो," तो म्हणाला. "नाही झालो, तर तुम्हाला कशाला अडकवायचं?"

त्याने मान खाली घातली.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"काय?"

"ते झटके. दुखतात का?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "नाही... टिचक्या मारल्यासारखं वाटतं नुसतं." त्याने कापडाची किनार सोडली. "हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

"मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही."

"आवडत नाही? तुमचा हात सोडताना जीव जात होता माझा." त्याने खोल श्वास घेतला. "पण डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे, मग आपण —"

"मी काय डॉक्टरांना विचारून प्रेमात पडले?"

तो हसला. डोळे पुसत हसला.

उरलेल्या खेपांना ती त्याच्याबरोबर गेली. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की फरक दिसतोय, पण थोडा. बाकीचं गोळ्यांवर, साखर ताब्यात ठेवण्यावर आणि धीरावर. बाहेर नर्सने तिला सहज विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"होणारी बायको," ती म्हणाली.

तो नेमका तेव्हाच दारात येऊन उभा राहिला होता. कान पुन्हा लालबुंद.

"हे मला कधी सांगणार होतीस?"

"आत्ता ऐकलंस ना?" असं म्हणून तिने त्याचा हात धरला. या वेळी त्याने तो काढून घेतला नाही. उलट, बोटं घट्ट गुंफली.