सासूबाईंच्या दाराची मूठ

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. गेल्या ऑक्टोबरात, नेब्रास्कातल्या आमच्याच शेतावर, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

सासूबाई, अल्विना, वृद्धाश्रमात होत्या. मक्याच्या शेतापलीकडचं त्यांचं घर ओस पडलं होतं. नवऱ्याच्या पणजोबांनी बांधलेलं. आमच्या रस्त्यावरची माणसं एकेक करून शहरात गेली, आता ते घेणार कोण?

शेवटी माझ्या नवऱ्याने, डेल्मरने, ते गावच्या हौशी बंबवाल्यांना देऊन टाकलं. आग विझवायच्या सरावासाठी जाळायला. इथे तशी पद्धतच आहे.

सासूबाईंना सांगितलं नाही.

"म्हातारीच्या जिवाला उगाच घोर कशाला?" तो म्हणाला. मीही मान डोलावली.

घर धडधडा जळत होतं, आणि मी बंबवाल्यांना कॉफी आणि जर्दाळू भरलेले गोड पाव वाटत होते.

"वहिनी, हाताला काय चव आहे तुमच्या!"

पाव सासूबाईंनी शिकवलेले. मी स्वतः एकही खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो, आणि...

धाड!

स्प्रिंगचं जाळीचं दार आपटावं तसा आवाज. शेतापलीकडून.

"वारा असेल," डेल्मर म्हणाला.

बाहेर पानही हलत नव्हतं. आणि तिकडे दार उरलंच कुठे होतं?

मग रोज जेवणाच्या वेळी तेच.

रविवारी वृद्धाश्रमात गेलो. डेल्मर गाडी लावत होता, तेवढ्यात सासूबाईंनी मला जवळ ओढलं.

"अगं जोलीन, रोज संध्याकाळी घरी जाते मी. मूठ हाताला लागते, दार उघडतं... पण आत घरच नाही गं. जळालंय सगळं."

त्यांनी तळहात पुढे केला...

काजळीने काळाकुट्ट.

"डेल्मरला बोलू नकोस हं. त्याच घरात जन्मलाय तो. फार लागेल पोराच्या मनाला."

डेल्मर दारातच उभा होता. हातात फुलं. त्याने किती ऐकलं, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. खरं सांगायचं राहूनच गेलं.

शेतापलीकडचा आवाज थांबला.

पण आता रोज सकाळी आमच्याच दाराच्या मुठीवर...

काजळीची बोटं असतात.

डेल्मर उठायच्या आत मी ती पुसते. त्यांनीच सांगितलंय ना, त्याला कळू द्यायचं नाही.

काल मला उठायला उशीर झाला. धावत गेले, तर मूठ लख्ख. मागे वळले. डेल्मर पाठमोरा उभा राहून काळं फडकं धूत होता.

"ट्रॅक्टरचं तेल," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

दार उघडून त्यांना आत घ्यायची छाती अजून दोघांचीही झालेली नाही.