बोक्याच्या नाकातलं हिरवं पाणी

"आधी सांगा, घरी डोळ्यात काय घातलंत?" नव्या डॉक्टरनं मला विचारलं.

बोक्या हा माझा कुत्रा. हो, कुत्राच! झुडपात तोंड खुपसून आला तो एक डोळा मिटूनच. सारखा पंजानं चोळायचा, पाणी गळायचं. आमचे नेहमीचे म्हातारे डॉक्टर रजेवर, त्यांच्या जागी हा... बाह्या दुमडलेला, आणि बघणं असं की— जाऊ दे.

"माझे उरलेले थेंब घालणार होते... आईनं हात धरला."

"आईंचे आभार माना. ओरखडा असला नि त्यावर भलते थेंब पडले, तर डोळाच जायचा."

त्यानं बोक्याच्या डोळ्याला रंगाची ओली पट्टी टेकवली, दिवा मालवला, निळा टॉर्च धरला. ओरखड्यात रंग बसून बुबुळावर हिरवी रेघ चमकली. मी बोक्याला घट्ट धरलं.

"हा माझा हात आहे," तो हळूच म्हणाला. "बोक्या त्या बाजूला."

ओरखडा वरवरचा होता. औषध, गळ्यात मोठी कॉलर, चोळू द्यायचं नाही. घरी पोचले तर काय— बोक्याच्या नाकातून हिरवं पाणी! मी त्याला उचलून तशीच उलट पावली धावले.

"डॉक्टर, मेंदूत गेलं वाटतं!"

तो कानापर्यंत लाल झाला. "माझाच रंग आहे तो. डोळ्यातून नाकात उतरतो, चांगलं लक्षण. सगळ्यांना आधीच सांगतो मी... तुम्हालाच कसं राहिलं कोण जाणे."

मला मात्र कळलं होतं! त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीला मी वेळेआधीच हजर.

शेवटच्या तपासणीला पुन्हा अंधार, पुन्हा निळा टॉर्च. हिरवं काहीच दिसेना.

"वाचला डोळा!" तो ओरडला. मी बोक्याचे मुकेच घेतले... आणि एकदम रडू फुटलं.

"आता काय झालं?"

"आता यायला कारणच नाही उरलं," मी बोलून बसले.

त्यानं टॉर्च विझवला. "दिवा लावतो—"

"नको! चेहरा दिसेल माझा."

"बघायचाय मला. रोज बघायचाय." त्याला धाप लागली होती. "डोळा बरा व्हावा म्हणून जिवाचं रान करत होतो, आणि बरा झाला की तुम्ही येणार नाही म्हणून झोप उडाली होती. असला डॉक्टर कोण पत्करेल, सांगा!"

"मी!" मी म्हणाले. "लावा दिवा."